पांढरी पाच, थोडी चढी

खामगावात मे महिन्यात शांतता ऐकायची असेल तर लाइन जावी लागते. लाइन गेली की आधी आपला कूलर थांबतो, मग पंखा, मग शेजारचे कूलर एकामागून एक, आणि शेवटी कुणाच्या तरी टीव्हीवरची ती सासू, जी दुपारभर सुनेला घराबाहेर काढत असते, तीही वाक्य अर्धवट टाकून गप्प होते. मागे जी शांतता उरते ती ध्वनिमुद्रणाला एकदम फर्स्टक्लास. अडचण एवढीच, की ध्वनिमुद्रणाला लाइन लागते.

हे ज्ञान आमच्या घरात काकांच्या पोथीमुळे आलं. काका निवृत्त शिक्षक. शेगाव हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचं पारायण आमच्याकडे पिढीजात. २१ अध्याय काका असे वाचतात की शेवटच्या बाकावरचं पोरगंही ताठ बसावं. न्यू जर्सीतल्या पुतणीने हट्ट धरला, “काका, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा.” काका मोबाइल समोर धरून वाचायला तयार होते. पण शेगावला इंजिनीअरिंग शिकणारा माझा भाचा मध्ये पडला. तो म्हणाला, “मोबाइलवर नको, प्रॉपर करू.” घरातला प्रत्येक मोठा खर्च या ‘प्रॉपर’पासून सुरू होतो, हे ज्याचं घर आहे त्याला सांगायला नको.

तर प्रॉपर खोकी आली. कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस नावाची दोन बटणांची डबी, हेडफोन, स्टँड, आणि माइकच्या पुढे लावायची ती गोल जाळी. काकूंनी जाळी उलटसुलट करून पाहिली आणि “चहा गाळाले बारीक हाय,” एवढंच म्हणून परत दिली. भाच्याने सगळं लॅपटॉपला जोडलं, काकांनी पहिला अध्याय घेतला, आणि मग सगळ्यांना ऐकू यावं म्हणून हॉलमधल्या मोठ्या स्पीकरांवर लावला. काका सुरू व्हायच्या आधी दुसरंच कुणीतरी सुरू झालं. घुंऽऽऽऽ.

योगायोगाने भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा चहाला आले होते. त्यांनी बशी खाली ठेवली, मान तिरकी केली आणि निदान केलं, “पांढरी पाच हाय. पण थोडी चढी.”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात अचूक निघालेलं हे एकमेव निदान. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. पेटीची पांढरी पाच खाली खाली नेत गेलं की ४९ हर्ट्झला येते. म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण पांढरी पाचच, केसभर चढी. शिवाय ही गुणगुण एकटी येत नाही. एसीचं डीसी करणाऱ्या प्रत्येक अडाप्टरात १०० हर्ट्झचा सूर तयार होतो, तो वरचा षड्ज. कुठल्या तरी कोपऱ्यातून १५० हर्ट्झ निघतो, तो पंचम. सा, वरचा सा आणि प. भाच्याने हे कागदावर मांडून दाखवल्यावर बुवा म्हणाले, “म्हंजे बोर्डाचा तंबोराच झाला की! फुकट वाजते तर बंद काहून करता?”

बुवांचं चुकीचं नव्हतं. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेची ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला जोडली गेली, आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे तारेवरचे सगळे फ्रिज, सगळे पंखे आणि सगळे रडके स्पीकर एकाच पट्टीत गातात. नियमाने ती पट्टी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राहिली पाहिजे. कुठल्याही भजनी मंडळाला इतकं सुरात राहणं आजवर जमलेलं नाही. अमेरिकेत मात्र वीज ६० हर्ट्झची. पेटीवर शोधायला गेलं तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये, जिथे पट्टीच नाही. पुतणीचं तिकडे मन का लागत नाही याचा बुवांनी तिथल्या तिथे खुलासा करून टाकला.

एकदा घरात ‘आवाज येते’ असं बाहेर पडलं की पेशंट पाहायला लोक येतात. आमच्या लेआउटमधल्या प्रत्येकाने पायरीवर चप्पल काढता काढताच औषध सांगितलं. एकाच्या मते वायर हलकी होती. दुसऱ्याच्या मते मशीन चायनाचं होतं. तिसऱ्याने काहीच सांगितलं नाही, फक्त किंमत विचारली आणि खिन्न झाला. एका दुकानदाराने फोनवर ऐकूनच सांगितलं की ‘हाय एंड’ केबल घ्या, चांदीचा मुलामा असलेली, सगळा आवाज धुवून निघतो.

चांदीचं नाव काढलं आणि तेही खामगावात! हे गाव रजतनगरी म्हणून देशभर ओळखलं जातं. इथे चांदीच्या केबलसाठी दुकानदाराला कोण विचारतो? ओळखीच्या कारागिराने सरळ भाव सांगितला. तार पाहिजे तितकी बारीक ओढून देतो, मजुरी वेगळी, काळी पडली तर आणून द्या, उजळून देतो. चांदी तांब्यापेक्षा विजेला साधारण ६ टक्के जास्त वाट करून देते, एवढं खरं. पण गुणगुण काही तारेच्या अरुंदपणामुळे येत नव्हती. उलट तिला जरा जास्तच मोकळी वाट मिळाली होती. चांदीची तार लावली असती तर तीच पांढरी पाच आणखी ६ टक्के सुखाने आली असती. काकूंनी मात्र चांदीची चौकशी मनात टिपून ठेवली. त्यातून पुढे जे झालं त्याचा ध्वनिमुद्रणाशी संबंध नाही.

सगळ्यात जास्त मतं पडली ती एकाच औषधाला: “अर्थची पिन काढून टाका.” हे औषध खरोखर लागू पडतं, म्हणूनच ते इतकं घातक. तीन पिनांच्या प्लगातली ती वरची जाड आणि लांब पिन उगाच लांब नसते. प्लग लावताना ती सगळ्यांच्या आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी म्हणून लांब असते. यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याने माणसाऐवजी जमिनीचा रस्ता धरावा, यासाठी ती आहे. ज्या मुलखात दर उन्हाळ्यात कूलरला ओल्या हाताने शिवल्यामुळे माणसं जातात, त्या मुलखात गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून अर्थ तोडायचा? काकांनी एवढंच विचारलं, “पारायण माझं रेकॉर्ड करता की माझ्यासाठी ठेवता?” पिन वाचली.

मग वायरमन आला. त्याच्याकडे मीटर नव्हतं. होल्डरला १०० चा पिवळा बल्ब आणि दोन लोंबत्या वायरी, एवढीच त्याची विद्या. एक वायर फेजमध्ये, दुसरी न्यूट्रलमध्ये घातली, बल्ब लखलखला. दुसरी वायर तिथून काढून अर्थच्या भोकात घातली. बल्ब आजारी माणसाने डोळा उघडावा तसा मिणमिणला. वायरमन समाधानाने म्हणाला, “पाह्यलं? अर्थिंग हाय, पन नाई.”

मराठीत इतकं नेमकं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. घर बांधताना अर्थिंगचा खड्डा रीतसर केला होता. त्यात पत्रा गाडला, कोळसा आणि मीठ थराथराने भरलं, वर नळी ठेवली. पण आमची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की वरून टाकलेलं चिल्लर नाणं पुन्हा दिसत नाही. पत्र्याभोवतीची माती कोरडी पडून सुटली की गाडलेला पत्रा नुसताच गाडलेला राहतो. खड्ड्याला पाणी पाजावं लागतं. इकडे नळ आठवड्याने येणार. काकूंनी हंडे मोजत विचारलं, “मानसायले पानी नाई अन् खड्ड्याले पाजता?”

तोडगा कूलरमधून निघाला. टाकीतलं जुनं पाणी बदलायचं झालं की ते नळीने थेट खड्ड्यात. हे पाणी उकळत्या वाऱ्यात आटून आटून इतकं क्षाराळ झालेलं असतं की अर्थिंगला ते साध्या पाण्यापेक्षा जास्त मानवतं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे आमच्या मामाच्या संग्रामपूरकडचं विहिरीचं पाणी तर या कामाला अव्वल ठरलं असतं. ते पिऊन तिकडच्या लोकांची मूत्रपिंडं गेली आहेत, त्यामुळे त्याच्यावर जास्त विनोद मला सुचत नाही.

खड्डा ओला झाला, बल्ब पेटला, गुणगुण निम्म्यावर आली, पण गेली नाही. इथे भाच्याने पहिल्यांदा इंजिनीअरिंगच्या फीचं चीज केलं. त्याने विचारलं, “आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये?” हा प्रश्न खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, पण पहिल्या दिवशी कुणाला प्रश्न विचारायचे नसतात, उत्तरं द्यायची असतात. स्पीकरची वायर काढून हेडफोनने ऐकलं. पांढरी पाच गायब! म्हणजे ती काकांच्या आवाजात मिसळलेली नव्हती, ऐकवतानाच वरून पडत होती.

कारण असं, की लॅपटॉपची लाइन माडीवरच्या नव्या खोलीतून घेतलेली. ती खोली नंतर बांधली, तेव्हा तिला अर्थिंगही नवं आणि वेगळं. स्पीकर मात्र हॉलच्या जुन्या बोर्डावर. दोन्ही अर्थ म्हणजे जमीनच, पण दोन भावांच्या शेतांचीही जमीन एकच असते आणि तरी धुऱ्यावरून वाद असतो. या दोन अर्थांच्या पातळीत थोडा फरक. त्यात कूलरच्या मोटरचा जो काही करंट जमिनीत झिरपतो त्याने तो फरक वाढवलेला. एरवी दोघं आपापल्या जागी गुण्यागोविंदाने राहतात. भाच्याने लॅपटॉपपासून स्पीकरपर्यंत ऑडिओची वायर टाकली, आणि तिच्या बाहेरच्या जाळीतून दोघांचा हिशोब चुकता होऊ लागला. याला ग्राउंड लूप म्हणतात. तो मोडायला ट्रान्सफॉर्मरची महाग डबी मिळते, पण आधी फुकटचा उपाय करून पाहावा: सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून, एकाच एक्स्टेंशनवर घ्यावीत. घेतली. गुणगुण गेली. बुवांना हुरहुर लागली.

हेडफोनमध्ये मात्र दुसराच एक प्रकार शिल्लक होता, बारीक मिरमिर आणि तिच्यावर एक शिट्टी. माउस हलवला की शिट्टीचा सूर बदलायचा, पान खाली सरकवलं की किरकिर. लॅपटॉपच्या पोटातली सगळी धावपळ यूएसबीच्या तारेतून माइकच्या डबीत येत होती. भाच्याने चार्जर काढला आणि लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, तर चिडीचूप. चार्जर लावला की पुन्हा किरकिर. एक्स्टेंशनवर लावलेला हा चार्जर दोन पिनांचा होता, आधीचा तीन पिनांचा नव्हे. अशा चार्जरमध्ये गडबड गाळण्यासाठी एक कपॅसिटर असतो आणि त्यातून अगदी किरकोळ करंट लॅपटॉपच्या पत्र्यावर येऊन बसतो. हात अलगद फिरवला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. त्याला जायला अर्थ नसतो, म्हणून तो ऑडिओच्या वाटेने जातो.

आता गंमत अशी, की कुणी लॅपटॉपच्या पत्र्यावर हात ठेवला की आवाज बंद. माणूसच अर्थिंग! भाच्याने हात ठेवावा तर माउस कोण चालवणार? काका वाचणार, काकू गॅसवर, मी मांजराला बाहेर ठेवण्याच्या कामावर. राहिली आजी. नव्वदीच्या घरातली आजी लाकडी खुर्चीवर, पाय थंड फरशीवर, डावा हात लॅपटॉपवर, उजव्या हातात जपमाळ. या व्यवस्थेत चौथा अध्याय झाला आणि तो झकास झाला. चिलीम, संत आणि अग्नी यांचं प्रकरण चाललेलं असताना पार्श्वभूमीला काडीचाही आवाज नाही. फक्त आजी मधूनच भक्तिभावाने दोन्ही हात जोडायची आणि तेवढ्यापुरती किरकिर यायची. ऐकणाऱ्याला वाटावं, चमत्काराच्या ठिकाणी मुद्दाम घातली आहे.

पुढे तीन पिनांचा चार्जर आणला आणि आजी सेवानिवृत्त झाली. तिला ते आवडलं नाही.

किरकोळ गुन्हेगार पुष्कळ निघाले. पंख्याचा रेग्युलेटर लाइनचे तुकडे करून पंखा हळू करणारा, त्याची झर्रर्र वेगळी. स्वस्तातला एलईडी बल्ब, त्याची चिंचिं वेगळी. लाइन गेल्यावर गुपचूप चालू होणारा जुना इन्व्हर्टर तर सगळ्यांचा बाप. त्याची लाट गोल नसून चौकोनी, तिच्यात वरचे सूर खचाखच भरलेले, त्यामुळे स्पीकरमध्ये भुंगा नाही तर पूर्ण पोळंच येऊन बसतं. आणि काकांचा बटणांचा फोन. तो शर्टाच्या खिशात, खिसा माइकजवळ. फोन वाजायच्या आधीच टिडिडिट, टिडिडिट. जुन्या टूजीचा फोन टॉवरशी सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा आपली पाळी आल्यावर तेवढ्यापुरता ओरडतो. ते ओरडणं माइकची वायर झेलते. काकांना वाटायचं की भाच्याच्या मशीनला फोन येणार हे आधीच कळतं. मशीनबद्दल त्यांचा आदर वाढला तो या एकाच कारणाने, म्हणून आम्ही खुलासा केला नाही.

यानंतरचा घोटाळा मात्र शंभर टक्के डिजिटल. भाच्याने एका ठिकाणी ४८ हजारांची आणि दुसऱ्या ठिकाणी ४४ हजार १०० ची सेटिंग ठेवली. सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे याचे हे आकडे. ४८ हजारांनी घेतलेला आवाज ४४,१०० ने वाजवला की तो साधारण ८ टक्के सावकाश चालतो आणि दीड पट्टीने खाली उतरतो. त्या दिवशी वाचन झालं नव्हतं, नुसती चाचणी होती. पण काकांना बंद-चालूचा हिशेब माहीत नसल्याने माइक चालू असताना त्यांनी घराला उद्देशून जे सांगितलं ते सगळं उतरलं होतं: “अरे पंखा बंद करा रे! कोण आहे तिकडे? किती वेळा सांगायचं? बाहेर व्हा आधी!” हे स्पीकरवर लागलं तेव्हा ते काका नव्हते. तो पाताळातून येणारा, सावकाश, जाड, अंतिम स्वरूपाचा आवाज होता. मांजर स्वतःहून बाहेर गेलं. काकूंनी खरोखर पंखा बंद केला.

मग टिचटिच आली. लॅपटॉप एकाच वेळी व्हायरस शोधत होता, वायफाय चाळत होता आणि काकांचं ऐकत होता, त्यामुळे मधले मधले नमुने त्याच्या हातून सुटत होते. बफर नावाचा आकडा ६४ वरून ५१२ वर नेला, वायफाय बंद केलं, ती टिचटिच थांबली. बफर मोठा केला की आपला आवाज आपल्याला हेडफोनमध्ये किंचित उशिरा येतो, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने. काका म्हणाले, “एवढा उशीर चालतो. आमच्या वर्गात पोरांना एक तास लागायचा.”

या टप्प्यावर भाच्याला मोह झाला तो सफाईच्या सॉफ्टवेअरचा. हे सॉफ्टवेअर आधी दोन-चार सेकंदांची निव्वळ खरखर ऐकतं, तिचा चेहरा लक्षात ठेवतं आणि पूर्ण रेकॉर्डिंगमधून तो चेहरा वजा करतं. जरा जोरात चालवलं तर खरखरीबरोबर श, स, ष यांचीही शेपटं कापली जातात आणि माणूस विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं. उभ्या हयातीत ‘श’ आणि ‘ष’ यांत ज्यांनी गल्लत होऊ दिली नाही त्या काकांनी तो अध्याय ऐकला आणि फक्त “पुसा” म्हणाले.

मेहकरच्या एका नातेवाइकांनी तेव्हा फोनवरून आम्हाला धीर दिला. मेहकरकरांना ध्वनिमुद्रणावर बोलण्याचा अधिकार आहे. त्यांच्या गावचे वकील आणि कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशींनी गायली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताचं दुकान तिथून सुरू झालं असं मानतात. ती तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तिच्या लाखेतच बारीक पूड मिसळलेली असायची, म्हणजे सुई झिजून खोबणीत नीट बसेल. खरखर ही मालाबरोबरच यायची. नातेवाईक म्हणाले, “त्या खरखरीतून बुलढाण्याची शीळ अख्ख्या महाराष्ट्राने ऐकली. तुमच्या न्यू जर्सीतल्या एका पोरीला थोडी खरखर चालत नाही का?” मुद्दा बिनतोड होता, फक्त भाचा तो मानण्याच्या वयाचा नव्हता. मला विचाराल तर दोष यंत्राच्या चांगुलपणाचा. टेपरेकॉर्डर स्वतःच इतका फुसफुसायचा की घरातले चोर त्याच्या आडोशाला लपायचे. या २४ बिटांच्या डबीने आडोसाच काढून घेतला.

आणि इतकं सगळं निस्तरल्यावर, एका रात्री, लाइन गेलेली, इन्व्हर्टर बंद, फोन दुसऱ्या खोलीत, लॅपटॉप बॅटरीवर, घर अगदी स्तब्ध, तेव्हा हेडफोनमध्ये आलं:

टक.

थोड्या वेळाने पुन्हा, टक. सेकंदाहून जरा जास्त अंतराने, घड्याळाला लाजवील असं एकसारखं. घरात विजेचा थेंब नसताना. भाच्याने केबल बदलली, माइक बदलून पाहिला, डबी हलवली. टक. काका वाचायला लागले तर त्यांच्या ओव्या नकळत त्या टकटकीवर चालू लागल्या. बुवांनी दुसऱ्या दिवशी ऐकून शेरा दिला, “लय चांगली हाय, ठेवा.” आजीने मात्र हेडफोन कानाला न लावता, नुसत्या आमच्या चेहऱ्यांकडे पाहून सांगितलं, “हे घरातलं नाई. बाहेरचं हाय.”

भाचा जोरात हसला. मग त्याने शोधलं, आणि हसणं थांबलं. शास्त्र याला बाह्य व्यत्यय म्हणतं. आजीच्या निदानात आणि त्यात फरक एवढाच, की शास्त्र लिंबू मागत नाही.

काकांचा जुना ट्रान्झिस्टर काढला. तो मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या ओसाड जागी लावला. ट्रान्झिस्टरमध्येही तीच टक! तो हातात धरून भाचा अंगणात फिरला. पुढच्या फाटकाशी बारीक, मागच्या भिंतीशी मोठी. भिंतीपलीकडे लेआउट संपतो आणि शेत सुरू होतं. शेतात उन्हाळी भुईमूग, आणि भुईमुगाभोवती तार. झटका मशीन! रानडुकरं आणि रोही यांनी या जिल्ह्यात शेतकऱ्याला जेरीस आणलंय. त्यावर हा सोलर प्लेट आणि बॅटरीवरचा उपाय घरोघरी झालाय. मशीन ठरावीक अंतराने क्षणभराचा जबर झटका तारेत सोडतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. (थेट लाइनचा करंट तारेत सोडणारेही असतात. तो गुन्हा आहे आणि त्याने माणसंही मारली आहेत.) पाणी दिलेल्या धुऱ्यावर गवत वाढलं होतं आणि ते खालच्या तारेला टेकलं होतं. प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी पडत होती. ठिणगी म्हणजे छोटं आकाशवाणी केंद्रच, आणि तार तिचा एरियल. आमचा माइक ते केंद्र विनापरवाना ऐकत होता.

काका, भाचा आणि मी संध्याकाळी शेतमालकाकडे गेलो. काकांनी पोथीपासून सुरुवात केली, भाच्याने ठिणगीपासून. माणूस समजूतदार. तो म्हणाला, “पोथी चालू असली की फोन करजा. मशीन बंद ठेवतो. पन डुक्करायले कोन सांगन?” भाच्याने त्याला पटवलं की गवतातून झटका वाया जातोय, तारेचा दम कमी होतोय, गवत काढलं तर आमची टकटक जाईल आणि त्याचं मशीनही जोरात मारेल. हा सौदा त्याला आवडला. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन त्याने धुरा साफ केला, एक फुटका इन्सुलेटर बदलला, आणि राहिलेले अध्याय असे उतरले की पुतणीने न्यू जर्सीहून विचारलं, एवढी शांत जागा तुम्ही कुठे भाड्याने घेतली?

शेतमालक मग कौतुकाने रेकॉर्डिंग ऐकायला घरी आला. भाच्याने त्याला शेवटचा अध्याय ऐकवला. त्याने हात जोडले. मग जरा घुटमळून म्हणाला, “एक मागू का? त्या दिवशी भितीवरून ऐकू आलं होतं, ते जाड आवाजाचं. बाहेर व्हा आधी, असं कायतरी. ते द्या ना मोबाइलमध्ये.”

लोक शेतात रात्री फटाके वाजवतात, कुत्र्यांच्या भुंकण्याच्या टेपा लावतात. त्याला नवा माल पाहिजे होता. काकांनी आढेवेढे घेतले, पण आपला आवाज शिक्षणखात्याबाहेरही उपयोगी पडतोय याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. आता रोज रात्री भिंतीपलीकडच्या स्पीकरमधून, ८ टक्के सावकाश आणि दीड पट्टी खाली, काका भुईमूग राखतात. डुकरं ओसरली असं शेतमालक सांगतो. आमच्या लेआउटमध्ये मात्र चार-पाच घरांतली माणसं अर्ध्या रात्री झोपेतच उठतात, पंखा बंद करतात, आणि घामाने डबडबून जागी झाल्यावर एकमेकांना विचारतात, लाइन गेलती काय?